पुढचे गाणे कोण ठरवते?

आज १३ फेब्रुवारी, जागतिक रेडिओ दिन. या दिवशी जुन्या ट्रान्झिस्टरची छायाचित्रे आणि आवडत्या निवेदकांच्या आठवणी समाजमाध्यमांवर भरभरून येतात. मला आज रेडिओच्या अशा एका अंगाविषयी लिहायचे आहे, ज्याचे छायाचित्र काढता येत नाही. एक गाणे संपल्यावर दुसरे कोणते लागावे, हा तो निर्णय. श्रोत्याला तो जाणवतही नाही. परंतु त्याच्या मागे सांख्यिकी, संगणकशास्त्र आणि आपल्या देशातील प्रसारणाचा सत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे.

विषय माझ्याकडे आला तो योगायोगाने. पदार्थविज्ञानात पीएच.डी. करत असताना काही वर्षे मी एका लहान सामुदायिक रेडिओ केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करत होते. शंभर वॅटचे प्रक्षेपण, दोन खोल्या, एक संगणक आणि तीनशेच्या आसपास ध्वनिमुद्रणे एवढाच संसार. गाण्यांचा क्रम लावणारी संगणकप्रणाली निवडण्याचे काम 'ही शास्त्रज्ञ आहे, हिला कळेल' या न्यायाने माझ्या गळ्यात पडले. एका दुपारचे काम आहे, असे मी समजले होते. प्रत्यक्षात ते दीड वर्ष चालले, आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिच्याकडे शेवटी येईन.

आकाशवाणीच्या पहिल्या काही दशकांत हा निर्णय माणसे घेत. कार्यक्रम अधिकारी आठवडे आधी आराखडा तयार करीत, संग्रहातून तबकड्या काढल्या जात आणि प्रत्येक गाण्याची नोंद कागदावर होई. निवडीमागे अभिरुची असे, तसेच धोरणही असे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटसंगीताला कात्री लागली आणि शास्त्रीय संगीताचा वाटा वाढला. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तेथे अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती'चा जन्म झाला आणि चित्रपटगीत सरकारी ध्वनिलहरींवर सन्मानाने परतले. पुढचे गाणे ठरवणारा एक मंत्री आणि रेडिओची कळ फिरवणारे लक्षावधी श्रोते यांच्यातील ही रस्सीखेच होती, आणि ती श्रोत्यांनी जिंकली.

फर्माइशींचे कार्यक्रम हा या विजयाचा पुढचा टप्पा. आता श्रोता पोस्टकार्ड पाठवून गाणे मागू लागला. आजच्या झारखंडमधील झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या व्यापाराचे गाव त्यामुळे देशभर ठाऊक झाले, कारण तेथून येणाऱ्या पत्रांचा ओघ विलक्षण होता. सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. पत्रांची मोजणी करून 'देशाला काय आवडते' असा निष्कर्ष काढला, तर उत्तर देशाचे नसते. ज्यांना पत्र लिहिण्याची हौस, अक्षरओळख आणि सवड आहे त्यांचे असते. नमुना स्वतःहून चालत आला की तो प्रातिनिधिक राहत नाही. झुमरी तिलैया हे या तत्त्वाचे आपल्याकडील सर्वांत गोड उदाहरण आहे.

अमेरिकेत याच सुमारास वेगळी वाट धरली गेली होती. १९५०च्या दशकाच्या आरंभी ओमाहा शहरातील टॉड स्टॉर्झ यांच्यासारख्या केंद्रचालकांनी मोजकीच लोकप्रिय गाणी पुनःपुन्हा वाजवण्याची पद्धत रूढ केली. ती सांभाळण्यासाठी साधन होते पुठ्ठ्याच्या कार्डांची पेटी. प्रत्येक गाण्याचे एक कार्ड. निवेदकाने सर्वांत पुढचे कार्ड काढायचे, गाणे वाजवायचे आणि कार्ड मागे ठेवायचे. नावडते कार्ड हळूच मागे सरकवणारे निवेदकही असत. तरीही ही पेटी म्हणजे एक नियमबद्ध यंत्रच होते. ज्या गाण्याला वाजून सर्वाधिक काळ लोटला, त्याचा हक्क पहिला, हा तिचा नियम. आजच्या बहुतेक संगणकप्रणालींच्या पोटात हीच पेटी आहे.

संगणक स्वस्त झाल्यावर अनेक लहान केंद्रांनी पेटीऐवजी सोपा मार्ग पत्करला. संगणकाला सांगायचे की, यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, गाणी लाव. आम्हीही तेच केले. पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. 'तुमचे यंत्र बिघडले आहे, सकाळचेच गाणे दुपारी पुन्हा लागते.' यंत्र बिघडलेले नव्हते. तीनशे गाण्यांमधून प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे एक गाणे उचलले, तर पहिल्या वीस गाण्यांतच एखादे दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते. चाळीस गाण्यांत ती ९३ टक्क्यांच्या घरात जाते. तेवीस माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, त्याच गणिताचे हे रूप. यादृच्छिकतेत सारखेपणा नसतो, तिच्यात झुबके असतात. माणसाला मात्र झुबका दिसला की कोणाचा तरी हात दिसतो.

उपाय उघड आहे. चिठ्ठी काढली की ती परत टाकायची नाही. सगळी गाणी एकदा वाजेपर्यंत पुनरावृत्ती नाही. पत्ते पिसल्याप्रमाणे संपूर्ण यादीच पिसायची. ती प्रामाणिकपणे कशी पिसावी, या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या सांख्यिकी कोष्टकांच्या पुस्तकात कागद-पेन्सिलीने करावयाची एक रीत दिली. यादीतील उरलेल्यांपैकी एक यादृच्छिक क्रमांकाने निवडायचा, तो खोडायचा आणि नव्या यादीत लिहायचा. रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली तिला संगणकासाठी सोयीचे रूप दिले आणि डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथाने ती सर्वत्र पोहोचवली.

या दोन तारखांच्या मध्ये एक भारतीय पान आहे, आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. १९६१ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सी. आर. राव यांनी 'संख्या' या संस्थेच्याच नियतकालिकात अवघ्या तीन पानांचा लेख लिहिला. विषय हाच, यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने दिलेल्या वस्तूंचा यादृच्छिक क्रम लावणे. रीत सुंदर आहे. प्रत्येक वस्तूला शून्य ते नऊपैकी एक यादृच्छिक अंक द्या आणि अंकांप्रमाणे दहा ढीग करा. ज्या ढिगात एकाहून अधिक वस्तू असतील, त्या ढिगापुरती हीच कृती पुन्हा करा. शेवटी ढीग ओळीने जोडा. पुढच्या वर्षी स्वीडनचे मार्टिन सँडेलियस यांनी जवळपास हीच कल्पना मांडली. आज संगणकशास्त्रात ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. विशेष म्हणजे हे ढीग स्वतंत्रपणे हाताळता येत असल्यामुळे अनेक प्रक्रियाकांवर एकाच वेळी काम वाटून देण्यासाठी ही जुनी रीत आजही अभ्यासली जाते. राव २०२३ साली वयाच्या १०२व्या वर्षी निवर्तले. श्रद्धांजलीच्या लेखांत क्रामर-राव असमानता आली, राव-ब्लॅकवेल प्रमेय आले. हे तीन पानांचे टिपण फारसे कोठे आले नाही.

परंतु उत्तम पिसणेही रेडिओला पुरत नाही. तीनशेपैकी साठ गाणी एकाच गायिकेची असतील, तर निर्दोषपणे पिसलेल्या यादीतही सरासरी जवळजवळ बारा ठिकाणी तिची दोन गाणी एकामागोमाग येतात. शिवाय एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना काल रात्री शेवटी वाजलेले गाणे आज सकाळी पहिलेच लागू शकते. श्रोत्याला हवी असते ती यादृच्छिकता नव्हे. त्याला हवे असते वैविध्य. पहिलीची व्याख्या गणित करते, दुसऱ्याची व्याख्या कोणीतरी बसून करावी लागते.

ती व्याख्या नियमांच्या रूपात संगणकाला शिकवणाऱ्या प्रणाली १९७०च्या दशकाच्या अखेरीस आल्या. एनबीसी या प्रसारणसंस्थेत संगणकाचे काम पाहिलेले अँड्र्यू इकॉनॉमॉस यांनी १९७९ साली रेडिओ कॉम्प्युटिंग सर्व्हिसेस ही कंपनी स्थापन केली. तिची 'सिलेक्टर' ही प्रणाली या क्षेत्राचा मानदंड ठरली. १९८३ साली 'म्युझिकमास्टर' आली. त्यांची कार्यपद्धती थोडक्यात अशी. प्रत्येक तासाचा एक साचा असतो, त्याला या व्यवसायात 'क्लॉक' म्हणतात. कोणत्या मिनिटाला बातम्या, कोणत्या मिनिटाला नवे गाणे, कोठे जुने, हे त्यात ठरलेले असते. प्रत्येक जागेसाठी प्रणाली त्या वर्गातील गाणी विश्रांतीच्या क्रमाने तपासते. हाच गायक नुकताच ऐकवला का? हे गाणे काल याच वेळी लागले होते का? लांबी बसते का? नियम मोडला तर पुढचे गाणे. ठरावीक खोलीपर्यंत शोधूनही काही सापडले नाही, तर एखादा नियम सैल करायचा किंवा जागा रिकामी सोडून माणसाला हाक मारायची.

यातील एक प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचे उत्तर शाळेतल्या मसाविमध्ये आहे. समजा, एका वर्गातून दिवसाला २४ गाणी वाजतात आणि त्या वर्गात गाणीही २४च आहेत. पेटीच्या नियमाने प्रत्येक गाणे रोज त्याच वेळी लागेल. सकाळी आठला बस पकडणारी मुलगी वर्षभर एकच गाणे ऐकेल. गाणी १८ केली तर? २४ आणि १८ यांचा मसावि ६, म्हणून प्रत्येक गाणे दिवसाच्या केवळ चार ठरावीक वेळांना फिरत राहील. आता आणखी एकच गाणे घाला, १९ करा. मसावि १ झाला. एकोणीस दिवसांत प्रत्येक गाणे चोवीसही जागी नेमके एकेकदा वाजेल. न्याय मिळवण्यासाठी यादृच्छिकता लागलीच नाही, एक मूळ संख्या पुरली.

अशा समतोल मांडण्यांचा अभ्यास भारतात शेतीच्या निमित्ताने झाला. कोणते वाण कोणत्या वाफ्यात लावले म्हणजे मातीचा पक्षपात टळेल, हा प्रश्न आणि कोणते गाणे कोणत्या वेळी लावले म्हणजे वेळेचा पक्षपात टळेल, हा प्रश्न, गणिताच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत. राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ साली लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे जवळपास १७७ वर्षांचे अनुमान खोडून काढले, ते याच शाखेत. यातील श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, हे मराठी वाचकांना माहीत असावे.

मात्र परदेशी प्रणाली भारतात आल्या की त्यांच्या मागची गृहीतके उघडी पडतात. तेथील नोंदवहीत 'कलाकार' हा एकच रकाना असे. आपल्या चित्रपटगीताला गायक, संगीतकार, गीतकार, चित्रपट आणि पडद्यावरचा नट, असे पाच धनी असतात. युगुलगीत एकाच रकान्यात लिहिले, तर 'लता-रफी' ही यंत्राच्या दृष्टीने लताही नसते आणि रफीही नसतो. ती तिसरीच व्यक्ती असते, आणि तिच्यापाठोपाठ लताचे गाणे निर्धास्त लागते. 'मोहम्मद रफी', 'महंमद रफी' आणि 'मो. रफी' ही यंत्राच्या लेखी तीन माणसे. आमच्या केंद्रात नावे एकसारखी करण्यातच तीन आठवडे गेले.

वेळेचे गृहीतकही असेच. पाश्चात्त्य प्रणाली दिवसाचे चार-पाच व्यापारी भाग करतात, कार्यालयात जाण्याची वेळ, परतण्याची वेळ वगैरे. आपल्याकडे विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचे समयचक्र सूत्रबद्ध केले, त्याला पिढ्या लोटल्या. संधिप्रकाश राग सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सीमेवरचे. भारताची प्रमाणवेळ एक असली तरी द्वारका आणि दिब्रुगढ यांच्या रेखांशांत सुमारे २६ अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पावणेदोन तासांचे. घड्याळात 'सायंकाळी सहा' असे लिहिणाऱ्या नियमाने एके ठिकाणी मारवा वेळेवर लागेल, दुसऱ्या ठिकाणी काळोखात. सूर्योदयाचे कोष्टक जोडता येते का, असे मी एका विक्रेत्याला विचारले. तो काही क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, 'मॅडम, हे पहिल्यांदाच कोणी विचारले.'

ही निवड लहान केंद्रांपुढे येऊन ठेपली, तीही एका न्यायालयीन निर्णयाच्या परिणामी. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी स्पष्ट केले. २००१ साली बंगळुरूमध्ये पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. २००२च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवाने देण्याचे ठरले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पहिले कॅम्पस केंद्र बोलू लागले. २००६ साली स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी आजच्या तेलंगणात दलित स्त्रियांनी चालवलेला 'संघम रेडिओ' सुरू झाला. आपल्याकडे म्हसवडचा 'माणदेशी तरंग वाहिनी' हाही त्याच लाटेतला. अशा केंद्रांपुढे प्रश्न होता, महागडी व्यावसायिक प्रणाली भाड्याने घ्यावी की मोबदल्याविना मिळणारी, खुल्या संहितेची 'रिव्हेंडेल' किंवा 'लिब्रेटाइम' स्वीकारावी? आयआयटी दिल्लीच्या परिसरात उभ्या राहिलेल्या 'ग्रामवाणी' संस्थेने तर सामुदायिक केंद्रांसाठीच 'ग्रिन्स' ही प्रणाली घडवली. कार्यक्रमांचे नियोजन, ध्वनिसंग्रह आणि श्रोत्यांचे दूरध्वनी हे सारे तिने एकाच ठिकाणी आणले. वीज गेली, दूरध्वनी आला, संगणक जुना आहे, अशा परिस्थितीचा विचार करून घडवलेले साधन आणि न्यूयॉर्कच्या केंद्रासाठी घडवलेले साधन यांत फरक असणारच.

आता माझी चूक. आमच्या संग्रहात परिसरातील गावांमधून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, चव्वेचाळीस. नियमांवर चालणारी प्रणाली बसल्यावर सर्व काही सुरळीत झाले. पुनरावृत्ती थांबली, तक्रारी थांबल्या. मी समाधानी होते. अकरा महिन्यांनी गावात एका कार्यक्रमासाठी गेले असता ओव्या गाणाऱ्या आजींपैकी एक जवळ आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, 'पोरी, माझी ओवी कधी लागून गेली गं? सून रोज रेडिओ लावून देती, पण माझी वेळ चुकतीय बघ.'

त्यांची वेळ चुकत नव्हती. परत येऊन मी प्रसारणाच्या नोंदी तपासल्या. अकरा महिन्यांत चव्वेचाळीसपैकी एकही ओवी वाजलेली नव्हती. गाणे पाच मिनिटांहून लांब नसावे, असा नियम होता. दळण संपेपर्यंत चालणारी ओवी सात-आठ मिनिटांची. प्रणाली दररोज तिच्यापाशी येई, विश्रांतीच्या क्रमात ती सर्वांत पुढे असे, नियम मोडतो म्हणून प्रणाली पुढे जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणीही ती ओवी नाकारली नव्हती, आणि तरीही ती रोज नाकारली जात होती. तो पाच मिनिटांचा नियम परदेशातून आलेला नव्हता. तो मी लिहिला होता, एका दुपारी, तासाचा हिशेब सहज जुळावा म्हणून. केसकरांनी चित्रपटगीतांना कात्री लावली तेव्हा निदान देशाला कळले होते की कोणी लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे साडेपाचची जागा यंत्राच्या हातून काढून घेतली आणि ओव्यांसाठी राखून ठेवली. कोणत्या दिवशी कोणाची ओवी, हे वहीत हाताने लिहिले आणि ते गावात निरोप पाठवून कळवले. त्या आजींची ओवी चौथ्या दिवशी लागली.

एखाद्या लहान केंद्रासाठी अशी प्रणाली निवडण्याचे काम तुमच्यापैकी कोणावर आले, तर जाहिरातीतली वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवून चार प्रश्न विचारा. एखादे गाणे का वगळले, याचे कारण प्रणाली लिहून ठेवते का? एका रकान्यात अनेक नावे, तीही देवनागरीत, नीट सांभाळते का? सर्व नियम एकाच वेळी पाळणे अशक्य झाले, किंवा मध्येच वीज गेली, तर ती काय करते? आणि उद्या ती सोडायची ठरवली, तर आपला संग्रह व नोंदी साध्या स्वरूपात परत मिळतात का? त्यानंतर दर महिन्याला एकच यादी मागा, एकदाही न वाजलेल्या ध्वनिमुद्रणांची. सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची यादी सगळेच पाहतात. दुसरी यादी पाहिली नाही, तर ती स्वतःहून समोर येत नाही.

आज हा प्रश्न रेडिओपुरता उरलेला नाही. तुमच्या भ्रमणध्वनीवर पुढचे गाणे, पुढची बातमी, पुढची चित्रफीत कोणत्या तरी नियमानेच येते, आणि तो नियम एखाद्या दुपारी कोणीतरी हिशेब जुळावा म्हणून लिहिलेला असतो. तेथील वगळलेल्यांची यादी आपल्याला मागता येत नाही. शंभर वॅटच्या केंद्रात ती मागता येते, एवढे तरी स्वातंत्र्य लहान असण्यात आहे.

आपल्या भागात सामुदायिक रेडिओ असेल, तर आज संध्याकाळी तो जरूर लावा. काय ऐकू आले ते खाली लिहा, आणि काय ऐकू यायला हवे होते पण आले नाही, तेही.